उत्तरार्धाचे ऋण

२०२१ सालच्या मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी एक रात्र मुलुंडला धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला होतो. त्या काळी सर्वसाधारण प्रवाशाला लोकलगाडीत पहाटे, भरदुपारी किंवा रात्री नवानंतरच प्रवेश असे. म्हणून अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तेथून दुपारच्या धीम्या गाडीने मुलुंड, असा मजल-दरमजल करीत पोचलो. घरात आजारी कोणी नव्हते, ही त्या वर्षी देवाची कृपाच म्हणावयाची. तथापि दोन माणसांची तोंडे उतरलेली दिसली. धाकटा भाचा आतल्या खोलीत संगणकापुढे हताश बसला होता, आणि संध्याकाळी त्याची आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, निवडावयास घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून बसली. चौकशी करता कळले की, दोघांच्या दुःखाची जात एकच होती. दोघांच्याही आवडत्या कथेचा दुसरा भाग आला होता, आणि त्याने पहिल्या भागाचे मातेरे केले होते.

मी त्या वेळी हसलो. ज्या वर्षी शेजारच्या इमारतींतून रुग्णवाहिका जात-येत होत्या त्या वर्षी कल्पित माणसांसाठी कोणी सुतकी चेहरा करावा, ही गोष्ट माझ्यासारख्या पढीक माणसाला पोरकट वाटली. पुढे विचार करता मला माझे हसणेच पोरकट वाटू लागले. तो विचार काय होता ते सांगण्याचा येथे प्रयत्न करतो.

भाच्याची कथा जपानी आहे. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ हे तिचे इंग्रजी नाव. काइउ शिराई यांनी लिहिलेली व पोसुका देमिझू यांनी चितारलेली ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात तिकडील एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली; आणि तिच्यावरून केलेली सचेतन चित्रमालिका, जिला आमची मुले ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात ती, २०१९ च्या आरंभी बारा भागांत दाखविली गेली. एका रम्य अनाथाश्रमात मुले आनंदाने वाढत असतात. जिला ती ‘आई’ म्हणून हाक मारतात ती बाई आपल्याला राक्षसांच्या ताटासाठी पोशीत आहे, हे त्यांतील दोघांना एके रात्री कळते. पुढे ती मुले निव्वळ बुद्धीच्या जोरावर आपली सुटका कशी करून घेतात, हा पहिल्या भागाचा विषय. भाच्याच्या आग्रहाखातर मी ते बारा भाग पाहिले, आणि व्यंगचित्रे ही बालकांची करमणूक होय हा माझा समज निमूटपणे गुंडाळून ठेवला.

दुसरा भाग २०२१ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत आला. मूळ चित्रकथेतील ‘गोल्डी पॉन्ड’ नावाचे मधले मोठे प्रकरण त्यातून सरसकट गाळलेले होते. त्या प्रकरणाच्या सुमारास मुलांना भेटणारा युगो नावाचा एक खचलेला, एकाकी माणूस आहे, तोही गेला. अखेर तर अशी की, ज्या घटना सांगावयास कित्येक भाग लागले असते त्या स्थिर चित्रांची एक माळ झर्रकन डोळ्यांपुढून ओढून उरकल्या. मूळ लेखकाचा या भागाच्या रचनेत सहभाग होता. परंतु अखेरच्या भागांच्या श्रेयनामावलीतून त्याचे नाव दिसेनासे झाले. “मामा,” भाचा म्हणाला, “शेवट गोड केला की कडू, याचं मला काही नाही. पण एमा तिथपर्यंत पोचली कशी, ते तर दाखवायला हवं ना!” हे वाक्य मी ध्यानात ठेवले.

बहिणीची कथा वाचकांपैकी पुष्कळांच्या घरातली आहे. झी मराठी वाहिनीवर जुलै २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली. आसावरी ही मध्यमवयाची विधवा. वर करड्या शिस्तीचे सासरे, खाली लाडाने बिघडलेला मुलगा सोहम ऊर्फ ‘बबड्या’, आणि मधे ही बाई, जिला स्वतःची म्हणून एकही इच्छा उरलेली नाही. त्या घरात शुभ्रा सून होऊन येते. ती सासूला बोलावयास शिकविते, आणि अभिजीत राजे या सुगरण गृहस्थाशी तिचे लग्न लावून देते. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान, आणि आजोबांच्या भूमिकेत रवी पटवर्धन, अशी पात्रयोजना होती. ‘सुगरण’ हा शब्द पुरुषाला लावताना माझी लेखणी क्षणभर अडखळली. परंतु त्या मालिकेनंतर तो लावावयास हरकत नसावी.

या विषयाचे महत्त्व ज्यांना वाटत नसेल त्यांनी थोडे मागे पाहावे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरुण विधवेचा प्रश्न आपल्या समाजाने अशा रीतीने रखडत का होईना सोडविला. पण पन्नाशी उलटलेल्या विधवेला सोबत हवीशी वाटणे ही गोष्ट मात्र थट्टेच्याच कोठडीत राहिली होती. तिला रोज रात्री, जेवणाच्या वेळी, आजी, आई, सून आणि नातवंडे एकत्र बसलेली असता, सभ्य विषय म्हणून मान्यता मिळाली ती एका दैनंदिन मालिकेमुळे. जे काम आम्ही व्याख्यानमालांतून करू शकलो नाही ते तिने केले, हे मान्य करावयास मला संकोच वाटत नाही.

याचा पुरावा माझ्या बहिणीच्याच घरात होता. तिचे यजमान जाऊन तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. २०२० सालच्या जानेवारीत एके दिवशी माझी भाचेसून, म्हणजे बहिणीची थोरली सून, चहाचा कप तिच्यापुढे ठेवून म्हणाली, “आई, आपण पण एक शुभ्रा-आसावरी करूया का?” घाटकोपरचे एक सेवानिवृत्त, विधुर शिक्षक तिच्या माहितीत होते. ते दोनदा घरी आले. तिसऱ्यांदा यावयाचे तो टाळेबंदी सुरू झाली आणि गोष्ट दूरध्वनीवर आली. बहीण हो म्हणाली नव्हती; पण नाहीही म्हणाली नव्हती. त्या दोन कुटुंबांना हा नाजूक विषय ज्या भाषेत बोलता आला ती भाषा त्यांना मालिकेने दिली होती. सरळ बोलण्याची आपल्याकडे पंचाईत असते. ‘आसावरीसारखे’ म्हटले की निम्मे काम होई.

मार्च २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ संपली आणि तिच्या जागी ‘अग्गंबाई सूनबाई’ आली. तीच माणसे, तेच घराणे. मधे काही वर्षे लोटलेली. आसावरी आता मोठी उद्योजिका झालेली आहे. आणि शुभ्रा? शुभ्रा एका लहान मुलाची आई, घाबरट, खालमानेची, नवऱ्याच्या शब्दाला कापणारी, आत्मविश्वास गमावलेली गृहिणी. सोहम दुसऱ्या स्त्रीत गुंतलेला, आणि हिला पत्ता नाही. शुभ्राची व सोहमची भूमिका करणारी माणसेही बदलली होती. ऑगस्टमध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांच्या आत, ती मालिका बंद झाली. पहिली वीस महिने चालली होती.

नट बदलले म्हणून प्रेक्षक रागावले, असा एक समज आहे. तो मला खरा वाटत नाही. आजोबांचे काम करणारे रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये निवर्तले आणि ती भूमिका पुढे मोहन जोशी यांनी केली. माझ्या बहिणीने ते पहिल्या दिवशी हळहळून आणि दुसऱ्या दिवशी सहजपणे स्वीकारले. संगीत रंगभूमीच्या काळापासून आपला प्रेक्षक एकाच पात्राला अनेक चेहरे देत आलेला आहे. चेहरा बदलला तरी त्याची तक्रार नसते. चेहऱ्यामागचे माणूस बदलले की तो चमकतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. असा उत्तरार्ध लिहिणाराने कोणाचा अपराध केला काय? केला असल्यास कोणाचा?

पहिला आक्षेप ठरलेला आहे. कोणी म्हणेल की, मालिका ही काही करारपत्र नव्हे; नाही आवडली तर बंद करावी. बाजारात याचे उत्तर सोपे आहे. नावाजलेल्या फरसाणवाल्याचे दुकान दुसऱ्याने घेतले आणि पाटी तीच ठेवली, तर गिऱ्हाईक पाटीवर विश्वासून आत शिरते. माल वेगळा निघाला तर ‘पुन्हा येऊ नका’ एवढे म्हणून मालक सुटत नाही. ‘अग्गंबाई’ ही अक्षरे पुढल्या नावात ठेविली ती कशासाठी? परंतु हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण ते गिऱ्हाइकाचे उत्तर आहे, आणि माझ्या बहिणीची वा भाच्याची व्यथा गिऱ्हाइकाची नव्हती. फसलेले गिऱ्हाईक चिडते. ही दोघे चिडलेली नव्हती. कोणाची तरी वाट पाहून कंटाळलेल्या माणसांसारखी दिसत होती.

दुसरा आक्षेप लेखकाच्या स्वातंत्र्याचा. पात्रे त्याची आहेत. त्याने त्यांना मारावे की तारावे, हे सांगणारे आपण कोण? हा मी जवळजवळ संपूर्णपणे मान्य करतो. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले तेव्हा वाचकांनी आकांत केला. तरी तो डॉयलचा अधिकारच होता. पुढे १९०३ साली त्याने होम्सला परत आणले, तेही पैशासाठी, असे म्हणतात. पण त्या धंदेवाईक पुनरागमनातही एक सभ्यता आहे. होम्स परतताच मधल्या वर्षांत आपण कोठे होतो याचा हिशेब वॉटसनपुढे मांडतो. हिशेब फारसा पटणारा नाही, तिबेटपर्यंत भटकून आलेला आहे. पण तो द्यावा लागतो एवढे डॉयलला कळत होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो मला माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने घेतला. त्या म्हणाल्या, “शुभ्राचं जे झालं ते खोटं कसं? आपल्याच विद्यार्थिनी बघा. वक्तृत्वस्पर्धेत व्यासपीठ गाजवणाऱ्या मुली दहा वर्षांनी रस्त्यात भेटतात तेव्हा नवऱ्याकडे बघून उत्तर देतात.” हे खरे आहे. अंधेरी-बोरिवलीच्या सहनिवासांतून अशा किती शुभ्रा राहत असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. मग या मालिकेने सत्यच दाखविले, असे का म्हणू नये?

येथे मला भाच्याचे वाक्य उपयोगी पडते. तेजस्वी मुलगी विझली, ही गोष्ट सत्य असू शकेल. पण ती आपोआप विझत नाही. त्याला एखादी सोडलेली नोकरी असते, बाळंतपणानंतरची न झोपलेली वर्षे असतात, एकदा गिळलेला अपमान आणि मग तोच गिळण्याची पडलेली सवय असते. ही वाट जर मालिकेने दाखविली असती तर ती पहिल्या भागापेक्षा शतपटीने मोठी कृती झाली असती. जिने सासूला सोडविले ती स्वतः कशी अडकली, याहून दारुण विषय कोणता? परंतु मी जितके भाग पाहिले त्यांत ती वाट नव्हती. होते ते फक्त पहिले टोक आणि दुसरे टोक. जपानी मालिकेनेही तेच केले: प्रकरण गाळले आणि मुक्काम दाखविला. मध्य वगळून अंत सांगणे म्हणजे सत्य संक्षेपाने सांगणे नव्हे. ‘हे असे का झाले’ या प्रश्नाला ‘झाले’ असे उत्तर देणे होय. आणि शुभ्रेच्या बाबतीत या उत्तराला आणखी एक विषारी अर्थ चिकटतो: अशा मुलींचे शेवटी असेच व्हावयाचे, त्याला कारण लागत नाही.

मध्य वगळणे सर्वत्र दोषास्पद आहे काय? संस्कृतज्ञ वाचक माझी येथे अडवणूक करतील, आणि ती योग्यच आहे. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे उत्तरार्धाचे नाटक. ‘महावीरचरिता’त रामाचा पूर्वेतिहास त्याने आधीच सांगितला होता. त्याचाही पहिला अंक आणि दुसरा अंक यांत बारा वर्षे सरळ गळालेली आहेत. पहिल्या अंकात ज्याच्या बाहूवर सीता विश्वासाने निजते तो राम त्याच अंकात तिचा त्याग करतो. याहून मोठा विश्वासघात कोणत्या उत्तरार्धात आहे? मग भवभूती का सुटतो? मला वाटते, तो त्या बारा वर्षांवर उडी मारतो खरी, पण उडी मारून पळून जात नाही. तिसऱ्या अंकात तो रामाला पुन्हा पंचवटीत आणतो. जेथे ते जोडपे सुखाने राहिले तेथलेच वृक्ष, तेच पाळलेले प्राणी. आणि सीता तेथे असून त्याला दिसत नाही. तेथे वासंती ही वनदेवता रामाला, प्रेक्षकाच्या मनात पहिल्या अंकापासून सलत असलेला प्रश्न तोंडावर विचारते. राम त्याला समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. तो मूर्च्छित पडतो. परंतु प्रश्न विचारला गेला, तो सीतेने कानांनी ऐकला, आणि गाळलेल्या बारा वर्षांचे ओझे त्या एका अंकात रंगभूमीवर येऊन पडले. मग शेवटी कवीने राम-सीतेचे मीलन घडवून आणले, जे रामायणाच्या उत्तरकांडात घडत नाही, तरी रसिकाला ते उपटसुंभ वाटत नाही. त्याची किंमत मोजली गेलेली असते.

म्हणजे लेखकावर ऋण आहे ते सुखान्ताचे नव्हे, पात्रे होती तशीच ठेवण्याचेही नव्हे. कथेत कोणी तरी ‘तुझे असे का झाले?’ असे विचारणारे असावे, इतकेच ते आहे. शुभ्रेला एक वासंती मिळाली असती तर माझी बहीण पुढचे सहा महिने टीव्हीपुढून हलली नसती.

निर्मात्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. १४ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात चित्रीकरणे बंद झाली. कित्येक मराठी मालिका गोव्यात गेल्या, आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या. अशा धावपळीत रोज एक भाग तयार करणाऱ्या माणसांकडून भवभूतीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. जपानी मालिकाही महामारीमुळे तीन महिने उशिरा आली होती. पण शुभ्रेचे रूपांतर मार्चमध्येच, पहिल्याच दिवशी, होऊन चुकले होते. ते संकटाच्या पोटी झाले असे म्हणता येत नाही.

येथवर लिहून झाल्यावर मी या लेखात आणखी एक आरोप केला होता, तो अपायाचा. झाले असे की, त्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातील एक वडीलधाऱ्या बाई दूरध्वनीवर माझ्या बहिणीला म्हणाल्या, “बघ गं, सासूचं लग्न लावून देणाऱ्या सुनेचं शेवटी काय झालं ते! सासू गेली मोठेपणाला आणि सून बसली चुलीशी.” हे भाचेसुनेनेही ऐकले. ती हसली, पण घाटकोपरच्या मास्तरांचा विषय त्यानंतर त्या घरात निघाल्याचे मला आठवत नाही. पुढे मास्तर मुलीकडे नाशिकला राहावयास गेले. ज्या कथेने त्या घराला भाषा दिली तिच्याच उत्तरार्धाने ती परत काढून घेतली, असे मी मोठ्या तावातावाने लिहिले, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्यांना दाखविल्याशिवाय छापू नये म्हणून कागद बहिणीकडे नेले.

तिने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, “दादा, मालिका बघून हो म्हणणारी आणि मालिका बघून नाही म्हणणारी, एवढी हलकी वाटले का रे मी तुला? मास्तर भले होते. पण मला माझी खोली हवी होती आणि माझी किल्ली माझ्या कमरेला हवी होती. ते मी त्यांना फोनवर सांगितलं. दोघंही हसलो. तुला सांगायचं राहिलं, एवढंच.” थोड्या वेळाने कागद घडी करीत ती पुढे म्हणाली, “शुभ्राचं मात्र तू लिहिलंस ते बरोबर आहे. आमच्या इमारतीत तशा तिघी आहेत. मी रोज त्यांना लिफ्टमध्ये भेटते. त्यांचं तसं कधी झालं, ते मी तरी कुठे बघितलं?”

तेव्हा अपायाचा आरोप मी मागे घेतो. गाळलेल्या वर्षांबद्दलचा तसाच ठेवीत आहे. त्याला भाच्याची पूर्ण अनुमती आहे. भाचेसुनेला मी अद्याप विचारलेले नाही.